तिजोरी रिकामी झाली की फौज मोडते

फौजेत चेन्नईला ‘पीस स्टेशन’ म्हणतात. बायको-मुलं सोबत, डोक्यावर पक्कं छप्पर, मुलांना केंद्रीय विद्यालय, महिन्याला कॅन्टीन आणि रविवारी मरीना. माझी इथली पोस्टिंग २०२१ ते २०२३. सरहद्दीवर शत्रू कुठल्या दिशेला आहे हे नव्या रंगरूटालाही ठाऊक असतं. चेन्नईत समोर नुसता समुद्र. त्या समुद्राकडे पाठ करून दोन-तीन वर्षं काढणारे पुष्कळ असतात. आपल्या मराठी माणसाचीही या बाजूला पाठच असते. आपली नजर वाघा आणि लडाखवर. म्हणून आज थोडं या बाजूचं लिहितो. आता निवृत्त झालोय, त्यामुळे जरा मोकळेपणानं लिहिता येतं.

मी आर्मी सर्व्हिस कोरचा, म्हणजे रसदवाला. लढणाऱ्या पलटणींतले दोस्त आम्हाला ‘आटा-डाळवाले’ म्हणून चिडवतात. चिडवू द्या. तीस वर्षांत एक सवय मात्र लागली. कुठलीही बातमी आली की मी ती पोती, टन, लिटर आणि दिवस यांत मोजून बघतो. टीव्हीवरचे तज्ज्ञ बाण आणि नकाशे दाखवतात, आणि मी मनात विचारतो, बाबा रे, डिझेल किती दिवसांचं आहे?

१८ मे २०२२ रोजी चेन्नई बंदरातून एक मालवाहू जहाज कोलंबोला निघालं. तमिळनाडू सरकारनं श्रीलंकेला पाठवलेली मदत त्यात होती. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी झेंडा दाखवला. पहिल्या खेपेला ९,००० टन तांदूळ, शिवाय दूध पावडर आणि औषधं. एकूण कबूल केला होता ४०,००० टन तांदूळ आणि ५०० टन दूध पावडर. आधी ही मदत तिथल्या तमिळ लोकांसाठी म्हणून ठरत होती. मग तिथल्या तमिळ पुढाऱ्यांनीच सांगितलं की भूक सगळ्यांना लागली आहे, भेद करू नका. त्यामुळे ती सगळ्या लंकेसाठी गेली. मला ही गोष्ट फार आवडली.

आता रसदवाल्याचा हिशोब. ९,००० टन म्हणजे ९० लाख किलो. लंकेची लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आत. माणशी साधारण ४०० ग्रॅम पडले, म्हणजे एका दिवसाचा भात. सगळे ४०,००० टन धरले तरी माणशी दोन किलो भरत नाहीत. या तांदळावर देश जगणार नव्हता. देश तरला तो केंद्र सरकारनं दिलेल्या उधारीवर. इंधनासाठी ५० कोटी डॉलर, अन्नधान्य-औषधांसाठी १०० कोटी डॉलर, रिझर्व्ह बँकेची ४० कोटी डॉलरची अदलाबदल, जुन्या देण्यांना मुदतवाढ. सगळं मिळून २०२२ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलर. रुपयांत तीस हजार कोटींच्या वर. यातलं फुकट फार थोडं. बहुतेक उधारी, आणि त्या उधारीवर माल घ्यायचा तो मुख्यतः भारताकडूनच.

जहाजाची बातमी मराठी चॅनलवर आली आणि त्याच रात्री गावाकडून तात्यांचा फोन आला. तात्या आमच्या भावकीतले. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, १९८७ साली शांतिसेनेबरोबर जाफन्याला जाऊन आलेले. तात्या कमी बोलतात. त्या दिवशी सरळ विचारलं, “सुभेदार, जिथं आमची पोरं मेली तिथं आता तांदूळ पाठवता व्हय? मग आम्ही मेलो कशासाठी?”

मी म्हटलं, “तात्या, उद्या फोन करतो.” असल्या प्रश्नाला फोनवर उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा सविस्तर लिहिलेलं.

पहिली गोष्ट, लंका आणि मद्रास यांचं नातं शेजारघराचं आहे. तलैमन्नार ते धनुष्कोडी अंतर तीसेक किलोमीटर. सातारा-कराड याहून लांब. १९६४ च्या वादळात धनुष्कोडी वाहून जाईपर्यंत चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून ‘बोट मेल’ सुटायची. रेल्वेनं धनुष्कोडी, तिथून बोटीनं पलीकडे, आणि पुन्हा रेल्वेनं कोलंबो. शेजारच्या घरात आग लागली की आपल्या भिंतीला धग लागतेच. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर बॉम्ब टाकले, ९ तारखेला त्रिंकोमालीवर. धास्ती मद्रासनं घेतली. सरकारी कचेऱ्या आत हलवल्या, माणसं मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाली. बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर काय, म्हणून प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह गोळ्या घालून मारले. या शहराला समुद्राची भीती त्याआधीपासूनची. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’नं बंदरातल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. हायकोर्टाच्या भिंतीवर त्याची पाटी आहे. आजही तमिळमध्ये एखाद्या धूर्त, खमक्या माणसाला ‘एम्डन’ म्हणतात. लक्षात घ्या, एम्डेननं नेम धरला तो तेलाच्या टाक्यांवर. आमच्या खात्याची किंमत शत्रूला बरोबर कळते!

दुसरी गोष्ट तात्यांच्या लढाईची. जून १९८७ मध्ये जाफन्याला लंकेच्या फौजेनं वेढा घातला होता. ३ जूनला भारतानं रामेश्वरहून बोटींतून मदत पाठवली. लंकेच्या नौदलानं बोटी परत पाठवल्या. ४ जूनला हवाई दलाची पाच एएन-३२ विमानं, सोबत संरक्षणाला मिराज २०००, अशी बंगळुरूहून उडाली आणि जाफन्यावर सुमारे २५ टन सामान पॅराशूटनं टाकून आली. मोहिमेचं नाव ‘पूमालै’, म्हणजे फुलांची माळ. लंकेला ती माळ गळ्याला फास लावल्यासारखी वाटली. २९ जुलैला करार झाला आणि आपली फौज तिथे उतरली. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत सलामी घेताना राजीव गांधींवर लंकेच्या एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला. तिथल्या माणसांच्या मनात काय आहे ते त्या एका दस्त्यानं सांगितलं होतं.

शांतता राखायला गेलेल्या फौजेला ऑक्टोबरमध्ये तमिळ वाघांशीच लढावं लागलं. महार, मद्रास, शीख, गुरखा, मराठा अशा कितीतरी पलटणी तिथे झुंजल्या. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईत, अधिकारी झाले ते याच मद्रासच्या प्रशिक्षण संस्थेतून, आणि लढले ८ महारमधून. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतल्या ड्रिल स्क्वेअरला त्यांचं नाव आहे. सेंट थॉमस माउंटच्या बाजूला गेलो की मी मनातल्या मनात एक सॅल्यूट ठोकत असे.

पुढे काय झालं ते तात्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासा यांना आपली फौज नको होती. त्यांनी आपल्या विरोधात वाघांनाच हत्यारं पुरवली. याच वाघांनी १९९३ मध्ये प्रेमदासांचा जीव घेतला. आपली शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १,२०० जवान गमावून फौज मद्रासला परतली, तेव्हा मुख्यमंत्री एम. करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तिथल्या तमिळांवर या फौजेनं अत्याचार केले असं त्यांचं म्हणणं होतं. बत्तीस वर्षांनी त्याच राज्यातून मदतीचं जहाज निघालं आणि झेंडा दाखवणारा त्यांचाच मुलगा. राजकारणात असं होतं. ज्याचा मित्र जाफन्याला राहिला त्याच्या पोटात मात्र कालवतं, आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

आता लंका बुडाली कशी ते पाहू. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एकच उत्तर फिरतं: चीननं कर्जाच्या सापळ्यात अडकवलं. ऐकायला सोपं आहे, चीनवर राग आहेच, पण हिशोब जमत नाही. लंकेच्या परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा होता बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा. चीनचा वाटा, कसं मोजता त्यावर, दहा ते वीस टक्के. जपान आणि भारतही देणेकऱ्यांत होतेच. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या करारानं चिनी कंपनीकडे गेलं, १.१२ अब्ज डॉलरला. पण ते पैसे चीनचं कर्ज फेडायला गेले नाहीत. ते परकीय गंगाजळी भरायला वापरले गेले आणि बंदरासाठी काढलेलं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. म्हणजे घरातलं शेत गहाण टाकून किराणा भरला. असं घर चालवणारा माणूस गावात दिसला तर आपण सावकाराला शिव्या देतोच, पण त्यालाही चार शब्द सुनावतो ना?

२००९ मध्ये वाघांचा खातमा झाला. विजयाची झिंग होती, उधार मिळत होतं. रस्ते झाले, बंदर झालं, विमानं उतरत नाहीत असा विमानतळही झाला. मग एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि पर्यटक आटले. त्याच वर्षाअखेर नव्या सरकारनं निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे कर कापले, व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ करोना आला. २०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरच्या वर असलेली गंगाजळी मार्च २०२२ पर्यंत दोन अब्जांच्या खाली आली, आणि त्यातली खर्चायला मोकळी रक्कम तर नावालाच होती.

यातला खताचा किस्सा मला फौजी म्हणून जास्त टोचतो. एप्रिल २०२१ मध्ये अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आणली. सगळा देश एकदम सेंद्रिय! गोटाबाया हे स्वतः निवृत्त लेफ्टनंट कर्नल. आपल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकलेले, युद्ध जिंकताना संरक्षण सचिव. फौजेत संध्याकाळी हुकूम निघतो आणि सकाळी पलटण फॉलइन असते. भाताला हुकूम कळत नाही. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली, पण तोवर हंगाम गेला होता. तांदळात स्वयंपूर्ण असलेला देश तांदूळ आयात करू लागला, आणि तोही डॉलर नसताना. लढाई जिंकलेल्या माणसाला राज्य चालवता येईलच असं लोक धरून चालतात. आपल्याकडेही ‘एकदा फौजेच्या हातात देश द्या, सरळ होईल’ म्हणणारे भेटतात. त्यांना मी लंकेचं पीक दाखवतो.

१२ एप्रिल २०२२ रोजी लंकेनं परकीय कर्जाचे हप्ते थांबवले. कर्ज होतं ५१ अब्ज डॉलर. त्याआधीच मार्चमध्ये पेट्रोल पंपांवर सैनिक उभे करावे लागले होते, रांगांत माणसं मरत होती. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा रद्द झाल्या. त्या रांगांतल्या रिक्षा बघितल्यात का? बहुतेक आपल्या बजाजच्या. त्याच मार्चमध्ये लंकेतली सोळा माणसं, त्यांत लहान मुलं, बोटीतून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागली. पैसे घेऊन बोटवाल्यानं काहींना वाळूच्या बेटावर सोडून दिलं होतं. तटरक्षक दलाच्या हॉवरक्राफ्टनं त्यांना उचलून आणलं. युद्धाच्या काळात आलेले सुमारे ५८,००० निर्वासित तमिळनाडूच्या शंभराहून जास्त छावण्यांत आधीपासून आहेत. एक छावणी चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडीपूंडीला आहे. आता गोळीऐवजी भुकेनं पळालेली माणसं येऊ लागली. ९ जुलैला जमाव अध्यक्षांच्या बंगल्यात घुसला. १३ तारखेच्या पहाटे गोटाबाया लष्करी विमानानं मालदीवला पळाले. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या घरात होता.

आणि निवृत्त फौजी मित्रांनो, आता खास आपल्यासाठी. जानेवारी २०२३ मध्ये लंकेनं जाहीर केलं की लष्कराची मंजूर संख्या २,००,७८३ वरून २०२४ पर्यंत १,३५,००० वर आणायची आणि २०३० पर्यंत १,००,००० वर. निम्मी फौज गेली. तीस वर्षं तमिळ वाघ जे करू शकले नाहीत ते रिकाम्या तिजोरीनं एका पत्रकात केलं. लढाई संपल्यावर एवढी फौज ठेवायची गरज नव्हती हे खरं, ती आधीच हळूहळू कमी व्हायला हवी होती. पण स्वतःच्या विचारानं फौज लहान करणं वेगळं आणि सावकार दारात बसलाय म्हणून करणं वेगळं. त्यात किती हवालदार, किती नायक पेन्शनचा हिशोब करत घरी गेले असतील, ते आपल्याला न सांगता कळतं.

आपण यातून सुटलेले आहोत असं समजू नका. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा थांबला, पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं विमानांनी परत आणावी लागली. आपली गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. २१ मे १९९१ च्या रात्री चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरला, वाघांनी राजीव गांधींचा खून केला. त्याच महिन्यात २० टन सोनं डॉलर उभे करायला देशाबाहेर गेलं. जुलैमध्ये मुंबईहून आणखी सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेलं. लंकेतल्या मोहिमेचं देणं आणि आखातातल्या लढाईचं बिल, दोन्ही एकाच उन्हाळ्यात दारात आली. पुढची कित्येक वर्षं फौजेचा हात आखडता राहिला. कारगिलच्या वेळी जनरल मलिक यांनी ‘जे आहे त्यानिशी लढू’ या अर्थाचं उत्तर दिलं, ते आपण अभिमानानं सांगतो. त्या उत्तरामागे बऱ्याच गोष्टी ‘नव्हत्या’ हे मात्र सांगत नाही.

म्हणून जून २०२२ मध्ये, लंका पेटलेली असताना आपल्याकडे अग्निपथ जाहीर झाली, तेव्हा मी दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या. चार वर्षांच्या नोकरीबद्दल माझ्याही मनात शंका आहेत. पलटणीची नाती चार वर्षांत जुळत नाहीत. पण आकडाही बघायला हवा. २०२२-२३ चं संरक्षण बजेट ५.२५ लाख कोटी, त्यातले १.१९ लाख कोटी पेन्शनचे. ते पेन्शन माझंही आहे, तात्यांचंही. ते कमावलेलं आहे, कुणाचे उपकार नाहीत. तरीही त्याच तिजोरीतून तोफही घ्यायची आहे, हे आपण मान्य केलं तरच आपल्या बोलण्याला वजन येईल. आणि निवडणुकीच्या तोंडावर करमाफीच्या, फुकट वाटपाच्या घोषणा होतात तेव्हा टाळी वाजवण्याआधी विचारा, पैसा कुठून? हा प्रश्न कुठल्या पक्षाला विचारायचा ते ठरवू नका. सगळ्यांना विचारा.

आता हिशोबाचा दुसरा रकाना. चार अब्ज देऊन भारताला काय मिळालं? १५ ऑगस्ट २०२२ रोजी आपण लंकेच्या नौदलाला समुद्रावर टेहळणी करायला डॉर्नियर विमान दिलं. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज ‘युआन वांग ५’ हंबनटोटाला लागलं. चेन्नईच्या उत्तरेला श्रीहरिकोटा, दक्षिणेला कल्पाक्कम. अशा जहाजाचे कान कुठे लागले असतील? तेव्हा टीव्हीवर ‘कृतघ्न लंका’ म्हणून ओरड झाली. मला राग आला, नवल वाटलं नाही. कर्जात बुडालेला माणूस कुठल्याच सावकाराला नाही म्हणू शकत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता यावं एवढं उभं करणं, हाच आपला फायदा. जानेवारी २०२३ मध्ये लंकेच्या कर्जफेडीबद्दल नाणेनिधीला सगळ्यात आधी हमी दिली ती भारतानं. मार्चमध्ये लंकेला सुमारे ३ अब्ज डॉलरचा आधार मंजूर झाला. जानेवारी २०२४ पासून लंकेनं परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांत संरक्षण सहकार्याचा करार झाला. लंका आपली झाली असं मी म्हणत नाही. मच्छीमारांची धरपकड चालूच आहे, उद्या दुसरं सरकार येईल, चीन कुठे जात नाही. शेजाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवणाऱ्यानं परराष्ट्र धोरणात पडू नये. आपण वेळ विकत घेतला, आणि तो स्वस्तात मिळाला. चार अब्ज म्हणजे त्या वर्षीच्या संरक्षण बजेटच्या सहा टक्क्यांच्या आसपास, तेही बरंचसं उधार. शिवाय आपल्या नाशिकचा कांदा कोलंबोच्या बाजारात जातो. गिऱ्हाईक भिकेला लागलं तर लासलगावात भाव कोण देणार?

आणि आता तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर. जुलै २०२२ मध्ये कोलंबोत सरकार कोसळलं तेव्हा आपल्याकडे काही शहाण्यांनी फौज पाठवा म्हणून सुचवलं होतं. तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयानं साफ सांगितलं, भारत फौज पाठवणार नाही. मी चेन्नईत होतो, रसदवाला होतो. तो हुकूम निघाला असता तर पहिली पोती आम्ही भरली असती. हुकूम निघाला नाही. का नाही निघाला? माझं मत विचाराल तर कोलंबोजवळच्या शांतिसेनेच्या स्मारकावर कोरलेली ती बाराशेच्या आसपास नावं आडवी आली. दिल्लीत कुणीही कोणाचा कागद पुढे सरकवला असता तरी त्या नावांवरून हात गेल्याशिवाय सही झाली नसती. १९८७ मध्ये आपण न बोलावता विमानातून माळ टाकली आणि मागून फौज उतरवली. २०२२ मध्ये बोलावल्यावर जहाज गेलं आणि मागून डिझेल गेलं. एकाही जवानाच्या घरी तार गेली नाही.

तात्यांना दुसऱ्या दिवशी मी हेच सांगितलं. म्हटलं, “तात्या, तुमच्या दोस्तामुळे यावेळी आमची पोरं गेली नाहीत.” तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एवढं शिकायला लई महाग पडलं, सुभेदार.” त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. खरं तेच ते बोलले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी टीव्हीवर युद्धाचे नगारे वाजतील, कुणी होर्मुझ म्हणेल, कुणी तैवान, तेव्हा क्षेपणास्त्रांची संख्या जरूर ऐका. पण आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो हेही आठवा. परकीय गंगाजळीचा आकडा रिझर्व्ह बँक दर आठवड्याला जाहीर करते आणि तो शनिवारच्या पेपरात आतल्या पानावर छोट्या टायपात असतो. आज तो ६०० अब्ज डॉलरच्या वर आहे, म्हणून आपण निवांत झोपतो. क्रिकेटचा स्कोअर बघून झाला की तोही बघत जा. रसदवाल्याची एवढी एक विनंती.

जय हिंद.